विझवलेली शेगडी

"माझी आई मागे वळली," नागेश म्हणाला, आणि मी छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

बाहेरून पाहणाऱ्याला दिसलं असतं ते एवढंच. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या जुन्या दगडी पुलावर, ऑगस्टातल्या पावसात, पाच मराठी माणसं कठड्याशी उभी आहेत. एक बोलतो आहे, चौघं ऐकताहेत, आणि चौघांतल्या एका म्हाताऱ्याने छत्रीचा हात बदलला. हात दुखला असेल, असं कोणीही म्हणालं असतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. स्वतःविषयी काहीही मी पटकन मान्य करतो. पण हात दुखत नव्हता. नागेशची आई मी पाहिली होती. अमळनेरला, झोपाळ्यावर बसून ती तांदूळ निवडत असे. ठसठशीत बाई, आवाज मोठा, जन्मात कधी पुण्याला राहिली नव्हती. नागेश जिच्याविषयी बोलत होता ती मागे वळली होती हे खरं. शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, एकसष्ट सालच्या जुलैत, पानशेतचं धरण फुटलं त्या सकाळी. ती वळली तेव्हा तिच्याशेजारी मी उभा होतो. ती माझी आई होती.

विषय निघाला तो स्वरूपामुळे. स्वरूपा नागेशची सून. तिच्या आईवडिलांच्या कल्याणच्या घरात महिन्यापूर्वीच, सव्वीस जुलैला, छातीएवढं पाणी शिरलं होतं, आणि इथे बसून ती फोनशिवाय काही करू शकली नव्हती. शनिवार-रविवार कुठेतरी जाऊन येऊ, तेवढाच तिला बदल, म्हणून तिच्या नवऱ्याने, हृषिकेशने, ही सहल काढली. एका तिकिटावर पाच माणसं जाऊ शकतात; तो, ती, नागेश आणि नागेशची बायको प्रभावहिनी हे चौघं झाले, पाचवा मी. माझा मुलगा यशोधन आणि सून लतिका त्यांच्याच गावात, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला, दोन रस्ते पलीकडे राहतात. हृषिकेश आधी जर्मनीत आला, मग त्याच्या ओळखीने यशोधन. नागेश याला योग म्हणतो. मी नागेशच्या मागे मागे आयुष्य काढलं तसंच माझ्या मुलाने त्याच्या मुलाच्या मागे काढायला घेतलं आहे, असं माझ्या मनात येतं, पण हे मी कोणाला बोललेलो नाही. यशोधनला ऑफिसचं काम होतं. "बाबा, तुम्ही जा की नागेशकाकांबरोबर," तो म्हणाला, जसं लहान मुलाला शेजाऱ्यांबरोबर जत्रेला धाडतात.

बदल म्हणून निघालो आणि पोचलो ते पुन्हा पाण्यापाशीच. डॅन्यूब फुगली होती. पुलाच्या कमानींखाली पाणी गढूळ, जाड, भोवरे घेत चाललं होतं. स्वरूपा कठड्याला हात लावून त्या पाण्याकडे बघत राहिली. त्याआधी नागेशने त्या पुलाची दंतकथा सांगून सगळ्यांना हसवलं होतं: पूल बांधणाऱ्याने सैतानाची मदत घेतली, बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव कबूल केले, आणि पूल झाल्यावर एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रं पुलावरून हाकलून दिलं. ही कथा मी त्याला दोनच दिवसांपूर्वी फोनवर सांगितली होती. त्याने त्यात कुत्रं लंगडं केलं. मला राग आला नाही. लंगड्या कुत्र्यामुळे गोष्ट बरी झाली होती, हे मलाही कळत होतं.

"पाण्याकडं अशी बघू नकोस, स्वरूपा," नागेश म्हणाला होता. "मी पूर पाहिलाय. तुझ्याहून लहान होतो." आणि त्याने सुरुवात केली. तो चांगला सांगतो. शहरोशहरीच्या व्याख्यानमालांत त्याने तीस-पस्तीस वर्षं काढली आहेत. त्याचा आवाज छत्र्यांवरच्या पावसालाही थोपवत होता. बोळातून लोक ओरडत पळताहेत, धरण फुटलं, धरण फुटलं. तो आणि आई एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन निघाले आहेत. बोळाच्या तोंडाशी आई थांबते. "माझी आई मागे वळली. म्हटलं, आई, कुठं चाललीस? तर म्हणाली, अरे, शेगडी तशीच राहिली पेटलेली. नदी दारात आलीय आणि ही बाई शेगडी विझवायला चाललीय! गेली. तांब्याभर पाणी ओतलं. वाफेत तोंड भाजून, गालाला राख लावून परत आली. मग आम्ही शाळेच्या गच्चीवर. समोर आमचं घर बसलं. भिंती आधी, मग पत्रे. सगळी गच्ची रडतेय. आणि माझी आई शांतपणे म्हणाली..." इथे तो थांबला. "म्हणाली, बरं झालं बाई शेगडी विझवून आले. नाहीतर नदीला चटका बसला असता."

स्वरूपा हसली आणि त्याच हसण्यात रडली. हृषिकेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रभावहिनी कॅथेड्रलच्या मनोऱ्यांकडे बघत होत्या. पुलाच्या मध्यावर एक दगडी माणूस बसवलेला आहे. डोळ्यांवर हात धरून तोही तिकडेच बघत असतो.

"बाबा, पुढच्या शनिवारी हीच सांगा," स्वरूपा नाक पुसत म्हणाली. म्युनिकच्या मराठी मंडळींनी महाराष्ट्रातल्या पूरग्रस्तांसाठी कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात नागेशचं भाषण होतं.

"हीच सांगणार," नागेश म्हणाला. "श्याम, यशोधन-लतिकाला घेऊन ये रे. पुढची रांग धरा."

मग स्वरूपा माझ्याकडे वळली. ती चांगली मुलगी आहे. कोणी मागे राहिलं तर तिच्या लक्षात येतं. "काका, तुम्ही तर तेव्हा पुण्यातच होता ना? तुम्हाला आठवतंय का काही?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं. बोळ, वळकटी, पेटीच्या कडीने कापलेलं माझं बोट. मी म्हणालो, "हो. पाणी खूप होतं."

"गेनाऊ," हृषिकेश म्हणाला. बरोबर, म्हणजे. आणि आम्ही पुढे निघालो.

पाणी खूप होतं. साठीपुढचा माणूस, कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेलेला, चार भाषा वाचणारा, आणि त्याच्याकडे आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाविषयी तीन शब्द असतात. मी त्यांच्या मागून चालत होतो. दगड निसरडे होते. नागेशची पाठ रुंद, त्याच्या रेनकोटवरून पाणी ओघळत होतं, आणि मला त्या पाठीचा राग आणता येत नव्हता. ती व्यवस्था माझीच होती. तो सदुसष्ट साली अमळनेरहून पुण्याला आला, आमच्याच कॉलेजात मराठीचा लेक्चरर म्हणून लागला, आणि एका रविवारी सकाळी मी त्याच्याकडे एका पुस्तकाविषयी बोललो. पुढच्या रविवारी दुसऱ्या. मग ते ठरूनच गेलं. मी आठवडाभर वाचायचं, रविवारी त्याच्या खोलीत, पुढे त्याच्या फ्लॅटवर, जाऊन सांगायचं. तो डोळे मिटून ऐकायचा. आणि महिन्याभराने कुठल्यातरी सभागृहात ते त्याच्या तोंडून यायचं, उभं राहून, हात हलवत, टाळ्या घेत. मी मागच्या रांगेत बसायचो. लोकांना वाटेल की मला तेव्हा दुःख होत असेल. मला आनंद होत असे. माझं बोलणं माझ्या तोंडून कधीच कोणापर्यंत पोचलं नाही. शब्द ओठाशी येईतो समोरच्याची नजर घड्याळाकडे जाते. नागेशच्या तोंडून ते पाचशे माणसांपर्यंत पोचत होतं. मी स्वतःला म्हणायचो, काय बिघडलं, बोलणं दोघांचं आहे. पुस्तकं तशीही माझी नव्हती. पण आई पुस्तकात नव्हती. ती मी त्याला केव्हा दिली, हे मी त्या निसरड्या दगडांवरून चालताना शोधत होतो, आणि एका बेकरीच्या काचेपाशी ते सापडलं. आमची लग्नं नुकतीच झालेली. असाच एक रविवार, त्या आठवड्यात माझं वाचन झालं नव्हतं, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ओशाळलो होतो. आणि सांगायला काही नाही म्हणून मी आईविषयी सांगितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी एका मित्रापाशी मन मोकळं केलं. प्रत्यक्षात मी त्या आठवड्याचा माल पोचवला होता.

दुपारी बाकीचे तिघं जुना टाउन हॉल बघायला आत गेले. "आल्झो, म्हणजे, माहिती फक्त जर्मनमध्ये आहे हं बाबा," हृषिकेशने बजावलं होतं. "असू दे, वातावरण कळतं," म्हणून नागेश गेलाच. संध्याकाळी तो त्या वातावरणात मी सांगितलेली माहिती भरणार होता. वहिनींचे गुडघे दुखत होते आणि माझे बूट आतून चिंब झाले होते, म्हणून आम्ही दोघं समोरच्या कॅफेत बसलो. वहिनींनी साडीवर मुलाचं जुनं जाकीट घातलं होतं. त्या गरम चॉकलेटवर फुंकर घालत होत्या. मी बराच वेळ कागदी रुमालाच्या घड्या घातल्या, उलगडल्या.

"वहिनी, एकसष्ट साली नागेश कुठं होता हो?"

त्या दचकल्या नाहीत. "अमळनेरला. इंटरला नापास झाले होते त्या वर्षी. ते नाही सांगत कुठल्या व्याख्यानात."

आम्ही दोघंही हसलो. मग ते हसू टेबलावर तसंच पडून राहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"भावजी, तुम्ही सांगत होतात तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होते. मधेच कशी येऊ कळेना. पोहे गार झाले."

"मग त्याला कधी म्हणाला नाहीत?"

"म्हणाले की. नाशिकला पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा परत येताना गाडीत म्हणाले, अहो, ही तर भावजींची आई. तर म्हणतात, 'एका मित्राची आई' म्हटलं की लोक खुर्चीत मागं टेकतात. 'माझी आई' म्हटलं की पुढं सरकतात." त्यांनी एक घोट घेतला. "आता नाही तसं. आता त्यांना ती खरंच दिसते. मध्ये ताप आला होता ना, तेव्हा बडबडत होते, आईच्या गालाला राख लागलीय, पुसा."

"लागली होती राख."

"बघा."

"पण वहिनी, ती माझी..."

"तुमचीच. कोण नाही म्हणतंय?" वहिनींचा आवाज चढला नाही, तो तसा चढत नाही, धार येते फक्त. "पण तुमच्याकडं होती तेव्हा तुम्ही काय केलंत हो तिचं? यशोधनला सांगितलीत कधी? लतिकाला? आमच्या ह्यांच्यामुळं सोलापूरपासून इंदूरपर्यंत लोक ओळखतात त्या बाईला. तुमच्याकडं राहिली असती तर तुमच्याबरोबरच..." त्या थांबल्या. "राग आला का?"

"नाही."

"येऊ द्या की कधीतरी."

बाहेर एक जर्मन म्हातारी कुत्र्याला रेनकोट घालून नेत होती. ते कुत्रं लंगडं नव्हतं. माझ्या लक्षात एक गोष्ट येत होती आणि मी ती येऊ देत नव्हतो. ओल्या मोज्यातून थंडी वर चढते तशी ती चढत होती. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? गच्चीवर आई काय म्हणाली म्हणून?"

"ते नदीला चटक्याचं..."

"ते नागेशचं. मी काय म्हणालो होतो?"

वहिनींनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. त्यांनी डोळे बारीक केले, कप खाली ठेवला. त्या क्षणी माझी आई जगात फक्त त्या बाईच्या कपाळाच्या आठ्यांत कुठेतरी होती. मग आठ्या गेल्या.

"नाही हो भावजी. मला आता ह्यांचंच आठवतं."

मलाही. हेच ते होतं. मी गच्चीवर जात होतो, पुन्हा पुन्हा. ओल्या सिमेंटचा वास, कोणाचं तरी रडणारं तान्हं मूल, आईच्या पदराला आलेला विझलेल्या कोळशाचा वास, समोर आमचे पत्रे वाकताहेत, हे सगळं जागेवर होतं. आई माझ्याकडे वळायची, तिचे ओठ हलायचे, आणि आवाज नागेशचा यायचा. पहाडी, सभागृहातला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. माझी आई इतकं मोठ्याने कधी बोलली नाही. ती चटक्याबिटक्याचं बोलणारी बाई नव्हती. बहुधा काहीतरी अगदी साधं म्हणाली होती, विझवली ना नीट, किंवा दूध उतरवायचं राहिलं, किंवा काहीच नाही. की चटक्याचं वाक्य तिचंच होतं, आणि मला ते न शोभणारं वाटतं कारण ते गाजलं? की त्या रविवारी रिकाम्या हाताची लाज वाटून मीच ते रचलं होतं? मला सांगता येईना. पुरानंतर दोन वर्षांनी आई गेली; तिचा फोटो एकच, त्यात ती डोळे मिटून आहे. बाकी जे होतं ते ह्या एका वाक्यात ठेवलेलं होतं, आणि वाक्य मी दुसऱ्याकडे ठेवायला दिलं होतं, कारण त्याच्याकडे ते चांगलं राहील असं मला वाटलं. राहिलंही. फक्त आता ते मला ओळखत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पुलापलीकडच्या एका छोट्या लॉजवर होतो. वहिनींनी आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यांनी नागेशच्या खोलीत पलंगावर बसून खाल्ल्या, खिडकी उघडी ठेवून, लॉजच्या मालकिणीला वास जाऊ नये म्हणून. हृषिकेशचा मोबाइल वाजला. यशोधन होता. "काका, तुमच्यासाठी," म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला आणि मी बाहेरच्या जिन्यापाशी गेलो.

"बाबा, भिजला नाहीत ना? औषध घेतलंत?"

"घेतलं. यशोधन, तुझी आजी..."

"आजी? कुठली? आईची आई?"

"नाही. माझी आई."

"तिचं काय?" त्याच्या मागे टीव्ही चालू होता. तो वाट बघत होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याने घाई केली नाही. मला आता सांगायलाच हवं होतं. शनिवारी तो पुढच्या रांगेत बसणार होता. स्वतःच्या आजीला तो नागेशकाकांची आई म्हणून भेटणार होता, हसणार होता, डोळे पुसणार होता, आणि घरी येताना गाडीत मला म्हणणार होता, काय बाई असेल नाही बाबा. मी जिन्याच्या कठड्याला धरलं. सुरुवात केली मनात. बोळ. वळकटी. शेगडी. गच्ची. आणि गच्चीवर आल्यावर मी पुन्हा त्या मोठ्या आवाजापाशी अडलो. गोष्ट सांगायची तर शेवट लागतो. माझ्या तोंडून तो नागेशचा शेवट आला असता, आणि शनिवारी तेच नागेशच्या तोंडून ऐकल्यावर मुलाला काय वाटलं असतं? की बाबा आयुष्यभर काकांच्या मागे होते, आता आईसुद्धा त्यांचीच उचलली.

"बाबा? आहात ना?"

"काही नाही. उद्या येतो आहे दुपारपर्यंत."

"बरं. नीट झोपा."

खोलीत परत आलो तेव्हा नागेश टाउन हॉलविषयी सांगत होता आणि सगळे हसत होते. त्याने माझ्यासाठी एक पुरी काढून ठेवली होती. तो नेहमीच ठेवतो.

रविवारी परतीच्या गाडीतही पाऊस होता. खिडकीच्या काचेवर थेंब तिरपे पळत होते, त्यामागे ओली शेतं आणि कांद्याच्या आकाराच्या घुमटांची चर्चेस. हृषिकेश-स्वरूपा पलीकडे डिजिटल कॅमेऱ्यात डोकी घालून बसले होते. "हा बघ, काका ह्यात आलेच नाहीत," स्वरूपा म्हणाली. "छत्रीच आलीय फक्त." नागेश माझ्यासमोर डुलक्या घेत होता, वहिनी त्याच्या शेजारी. झोपेत त्याचा चेहरा मोठा आणि निरागस दिसतो. मी त्याच्याकडे बघत ठरवत होतो. सांगायचं, नागेश, ती माझी आई होती. सहा शब्दसुद्धा नाहीत. तो काय करेल? वाईट वाटून घेईल, कदाचित माझा हात धरेल, शनिवारी व्यासपीठावरून जाहीर करेल, मित्रहो, ही गोष्ट माझ्या मित्राची, तो इथे बसला आहे, श्याम, उभा राहा. लोक टाळ्या वाजवतील. मी उभा राहीन. आणि मग कोणीतरी म्हणेल, तुम्हीच सांगा ना. तेव्हा मी काय सांगणार होतो? पाणी खूप होतं.

तिला परत घ्यायला माझ्याकडे जागा नव्हती. आणि मला ती हवी होती, त्या क्षणी, त्या गाडीत, ओल्या मोज्यांत. तिचा बोळातला चेहरा, राख लागलेला गाल. मी डोळे मिटून पाहिलं; काही आलं नाही. नुसती तिरपी पळणारी काच.

"नागेश," मी म्हणालो.

त्याने एक डोळा उघडला.

"ती कालची गोष्ट सांग ना परत. पुराची."

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्या खिडकीबाहेर बघू लागल्या आणि तिथेच बघत राहिल्या.

"तुला तर पाठ असेल रे," नागेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं का, मला सांगता येणार नाही. मी अशा गोष्टी नेहमी चुकीच्या वाचतो. तो सावरून बसला, घसा साफ केला. स्वरूपाने कॅमेरा बंद केला. "सकाळची वेळ," त्याने सुरुवात केली, "आई शेगडीपुढं बसलेली..."

आणि ती आली. तिने शेगडीत कोळसे सारले, हात पदराला पुसला, बोळात माझ्यापुढे चालली, थांबली, मागे वळली. मी पुढे सरकून बसलो होतो. गुडघे नागेशच्या गुडघ्यांना लागले होते. पाणी चढलं, गच्ची आली, पत्रे वाकले. आईने तोंड माझ्याकडे वळवलं, आणि मी तिच्या ओठांवर नजर रोखली. यावेळी तरी.

नागेश थांबण्याच्या जागी थांबला. मग ते वाक्य म्हणाला.

सगळ्यांच्या आधी मी हसलो.